मुलाच्या ताटातील अंडे आणि आयुर्वेदाची साक्ष

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढून शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठी दिला जाणारा निधी थांबविला. या निधीची वार्षिक रक्कम सुमारे पन्नास कोटी रुपये होती. ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी ती लोकसहभागातून, म्हणजेच गावकऱ्यांच्या वर्गणीतून, द्यावीत असे सांगण्यात आले. काही दिवस वृत्तपत्रांतून चर्चा झाली आणि विषय मागे पडला. या चर्चेत शिक्षक संघटना बोलल्या, अन्न अधिकाराचे कार्यकर्ते बोलले, शाकाहाराचे पुरस्कर्तेही बोलले. ज्यांच्या शास्त्राची साक्ष वारंवार काढली गेली ते आपण वैद्य मात्र फारसे बोललो नाही.

‘अंडे तामसी आहे, आयुर्वेदाला ते मान्य नाही’ हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत सभांतून ऐकले, वृत्तपत्रांतील पत्रव्यवहारात वाचले आणि चिकित्सालयात येणाऱ्या पालकांच्या तोंडूनही ऐकले. वाक्य उच्चारणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हाला आदर आहे. परंतु शासनाचे धोरण ठरत असताना, आणि त्या धोरणावर लक्षावधी मुलांचे एक वेळचे अन्न अवलंबून असताना, आयुर्वेदाच्या नावावर जे खपविले जाते ते आयुर्वेदात खरोखर आहे काय, हे तपासून सांगणे हे आपले कर्तव्य ठरते. हे टिपण त्यासाठीच आहे.

धोरणाचा प्रवास

शालेय पोषण आहाराची आजची योजना एका दिवसात आकाराला आलेली नाही. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणाला पोषणसाहाय्य देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आपल्या राज्यात त्या काळी शिजविलेले अन्न मिळत नसे. पुरेशी उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिले जात. तो तांदूळ घरातल्या सर्वांच्या भांड्यात जाई, हे सांगावयास नको. पुढे अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान दोनशे दिवस शिजविलेले अन्न मिळाले पाहिजे. त्यानंतर आपल्याकडे शाळेत चूल पेटली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आहाराला कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

शासनाने ठरवून दिलेले प्रमाण असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने. प्राथमिक वर्गातील मुलाच्या वाट्याला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल येते. या बारा ग्रॅम प्रथिनांपैकी सुमारे सात ग्रॅम तांदळातून आणि उरलेली डाळीतून येतात. धान्य वगळता बाकी साहित्यासाठी मे २०२५ पासून प्राथमिक वर्गाकरिता प्रत्येक मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे इतका दर आहे. त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन असे सर्व बसवायचे असते. ज्यांच्या घरात स्वयंपाक होतो त्या प्रत्येकाने हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. महिन्याच्या अखेरीस खिचडीतील डाळ का पातळ होते आणि भाजी का दिसेनाशी होते, याचे उत्तर मुख्याध्यापकांच्या किंवा स्वयंपाकी-मदतनीस भगिनींच्या सचोटीत शोधण्याची गरज मग उरत नाही.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एक दिवस अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळी किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय घेतला. काही आध्यात्मिक व शाकाहारी संघटनांनी त्यास विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, की ज्या शाळेत चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल तेथे अंडी देऊ नयेत. वर्षभराने निधीच थांबला. निर्णय मागे घेतला असे कोणी म्हणाले नाही. अंडे पाककृतींच्या यादीत ऐच्छिक म्हणून राहिले. यादीत राहिले आणि ताटातून गेले.

ही मुले कोणती?

ज्यांच्या डब्यात आई सकाळी पोळी-भाजी भरून देते, त्या मुलांसाठी शाळेतील अंडे असले काय आणि नसले काय, फारसा फरक पडत नाही. धोरण तोलावयाचे ते ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्यावरून. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील आजीजवळ ठेवलेली मुले, वीटभट्टीवरील मुले, मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिल्ल व पावरा, पालघर-रायगडमधील वारली व कातकरी मुले, शहरांच्या झोपडवस्तीतील रोजंदारांची मुले. यांपैकी अनेकांसाठी शाळेतले दुपारचे जेवण हेच दिवसातले पहिले पोटभर अन्न असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाच वर्षांखालील मुलांचे आहेत. परंतु हीच मुले पुढे शाळेत येतात. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुले ४६ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ३४ टक्क्यांवर आली. हे मोठे यश होते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनसारख्या प्रयत्नांचा त्यात वाटा होता. शासनाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचा तो पुरावा आहे. मात्र २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा ३५ टक्क्यांवर येऊन थबकला. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले २००५-०६ मध्ये १६.५ टक्के होती, ती २०१५-१६ मध्ये २५.६ टक्के झाली आणि पाचव्या सर्वेक्षणातही तितकीच राहिली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्ताल्पतेचे प्रमाण तर ५४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेले. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक मुले कमी वजनाची आढळली. देशातील सर्वांत श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्याचे हे चित्र आहे.

वैद्याच्या भाषेत सांगावयाचे तर ही कार्श्याची, धातुक्षयाची आणि पांडुतेची मुले आहेत. काश्यपसंहितेत फक्क रोगाचे क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे तीन प्रकार सांगितले आहेत. आईच्या स्तन्याचा दोष, आई पुन्हा गर्भवती राहिल्याने अंगावरचे दूध लवकर सुटणे आणि वारंवार होणारे आजार, ही कारणपरंपरा आजच्या कोणत्याही कुपोषण निर्मूलन अहवालात जशीच्या तशी सापडते. निदान आपल्या पूर्वसूरींनी केलेले आहे. त्यावरील चिकित्सेत आहाराचे स्थान काय, हेही त्यांनीच सांगितले आहे. कारण आहारासारखे औषध नाही, अशीच काश्यपांची भूमिका आहे.

संहिता काय सांगतात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय, अन्नपानविधी, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचलेला आहे. त्यात मांसवर्ग स्वतंत्रपणे दिला आहे आणि त्याच वर्गात हंस, चकोर, कोंबडी, मोर व चिमणी यांच्या अंड्यांचे गुण सांगितले आहेत. ती मधुर आहेत, विदाह न करणारी आहेत, तत्काळ बल देणारी आहेत. क्षीण शुक्र, कास, हृद्रोग व क्षत यांत हितकर आहेत, असा त्याचा आशय आहे. पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची जी गणना येते तीत जीवनीय द्रव्यांत दुधाला, बृंहण द्रव्यांत मांसाला आणि बल्य द्रव्यांत कुक्कुटाला अग्रस्थान दिले आहे. भावप्रकाशातही अंड्यांचे गुण वर्णिलेले असून ती वातघ्न, वृष्य आणि गुरू म्हटली आहेत. या ग्रंथांत कोठेही रुग्णाला किंवा बालकाला अंडे निषिद्ध ठरविलेले आम्हाला आढळत नाही.

मग ‘तामसी’ हा शब्द कोठून आला? आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे वर्गीकरण भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायामुळे आणि योगपरंपरेमुळे लोकांच्या परिचयाचे आहे. साधकाच्या दृष्टीने त्याचे मोल आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चरकाचा अन्नपानविधी या त्रिगुणांच्या कसोटीवर उभारलेला नाही. तो रस, वीर्य, विपाक, गुरु-लघु, स्निग्ध-रूक्ष या कसोट्यांवर उभा आहे. द्रव्य कोणाला, केव्हा, किती मात्रेत आणि कोणत्या अग्नीवर द्यावयाचे, हा त्याचा प्रश्न आहे. साधकाचा आहार आणि क्षीण बालकाचा आहार एकाच मापाने मोजणे हे वैद्यकाला धरून नाही.

आमच्या काही सन्मित्रांनी दुसरा आक्षेप घेतला आहे. तो शास्त्रीय आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की बाल्यावस्था ही कफप्रधान असते, अंडे गुरू आहे, आणि कुपोषित बालकाचा अग्नी मंद असतो. मग हे द्रव्य त्यास कसे मानवावे? यातील पहिल्या भागाचे उत्तर असे, की बाल्यातील कफाधिक्य ही विकृती नसून वाढीसाठीची प्राकृत अवस्था आहे. सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात, असे चरकाने विमानस्थानात म्हटले आहे. त्या धातूंना पोषण हवे असते, कर्शन नव्हे. दुसरा भाग, म्हणजे अग्नीचा, खरोखर महत्त्वाचा आहे. अतिकृशाला संतर्पण द्यावे, पण ते लघु असावे, हा चरकाचाच दंडक आहे. तीव्र कुपोषित बालकाला पहिल्याच दिवशी अंडी खाऊ घाला असे कोणीही म्हणत नाही. त्याची जागा पोषण पुनर्वसन केंद्रात आहे आणि तेथे आहार पायरीपायरीने वाढविला जातो. परंतु शाळेच्या अंगणात धावणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एक, दोन किंवा तीन उकडलेली अंडी, गरम भात-आमटीसोबत, त्यातल्या जिरे, आले व हळदीसह दिली, तर त्याच्या अग्नीवर कोणता भार पडेल? गुरू द्रव्य अल्प मात्रेत घ्यावे, हाच तर मात्रेचा नियम आहे आणि एक अंडे ही अल्प मात्राच आहे.

राहिला सात्म्याचा विचार. कोरकू, भिल्ल, गोंड, वारली या समाजांत कोंबडी परसातील आहे. अंडे त्यांना देशसात्म्यही आहे आणि ओकसात्म्यही. घरी कोंबड्या असूनही अंडे अनेकदा मुलाच्या तोंडी न पडता बाजारात जाते, कारण त्या पैशांतून मीठ-तेल आणावयाचे असते. अशा मुलाला शाळेत अंडे देणे म्हणजे परका आहार लादणे नव्हे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील सुमारे साठ टक्के लोक मांसाहारी आहेत. उरलेल्या चाळीस टक्क्यांच्या सात्म्याचाही मान राखला पाहिजे, याविषयी पुढे लिहीत आहोत.

आधुनिक पुरावा

आपल्या ग्रंथांचे वचन पुरेसे मानून थांबणे आजच्या काळात योग्य नाही. इक्वाडोर या देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांना सहा महिने रोज एक अंडे देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत उंची खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलेले आढळले. आफ्रिकेतील मलावी येथे अशीच चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत उंचीवर तसा परिणाम दिसला नाही. तेथील बालकांच्या आहारात आधीपासून मासे होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. इक्वाडोरमध्येही अंडी बंद झाल्यानंतर दोन वर्षांनी तो लाभ टिकून राहिलेला आढळला नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर वैद्याला त्यांचा अर्थ लागण्यास अडचण पडू नये. ज्याच्या आहारात त्या गुणाचे द्रव्य मुळातच नाही त्याला त्याचा लाभ होतो, ज्याला ते अन्य मार्गाने मिळते त्याला तेवढा होत नाही, आणि देणे थांबविले की लाभही ओसरतो. अंडे हे चमत्काराचे औषध नाही. सुमारे पन्नास ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, जीवनसत्त्व अ व ब-१२ आणि स्निग्धांश असतात, आणि ते कवचात बंद असल्यामुळे त्यात पाणी मिसळता येत नाही. या शेवटच्या गुणाचे महत्त्व ज्यांनी शासकीय पुरवठ्यातील दूध, डाळ आणि पाकीटबंद आहार पाहिला आहे त्यांना वेगळे समजावून सांगावयास नको.

अन्य काही राज्यांनी वेगळा मार्ग धरला. तमिळनाडूत १९८९ मध्ये पंधरवड्यातून एक अंडे देण्यास सुरुवात झाली आणि २०१० पासून शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळू लागले. कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये ईशान्येकडील मागास जिल्ह्यांत प्रारंभ झाला. तेथेही विरोध झाला, परंतु पुढे योजना राज्यभर गेली, आणि २०२४ मध्ये एका खासगी प्रतिष्ठानच्या साहाय्याने आठवड्यातील सहा दिवसांपर्यंत पोहोचली. याउलट मध्य प्रदेशाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव फेटाळला. आपले राज्य या दोन टोकांच्या मध्ये उभे राहून दर वर्षी भूमिका बदलीत आहे.

धोरणातील विसंगती

विसंगती तर आपल्या राज्याच्या स्वतःच्या धोरणातच आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांसाठी सुरू झाली. २०१६ मध्ये तिचा विस्तार होऊन सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळी, देण्याचे ठरले. म्हणजे त्या क्षेत्रातील अंगणवाडीत जाणाऱ्या बालकाला शासन स्वतःच्या खर्चाने अंडे देते, आणि तेच बालक सहा वर्षांचे होऊन त्याच गावाच्या शाळेत गेले की त्याचे अंडे गावाच्या वर्गणीवर सोपविते. सहाव्या वाढदिवशी त्या मुलाच्या धातूंत असा कोणता बदल होतो, की त्यास राज्याच्या आधाराची गरज उरू नये?

वर्गणीचा मार्ग दिसावयास सोज्वळ आहे. सधन गावात तो चालेलही. वाढदिवस, स्मृतिदिन यांच्या निमित्ताने शाळेत जेवण देण्याची चांगली प्रथा अनेक ठिकाणी आहे. परंतु जेथे मुले सर्वांत कृश आहेत तेथेच वर्गणी देणारे सर्वांत कमी आहेत. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यावर कोण कोणाकडे वर्गणी मागणार? आणि मुख्याध्यापकाने मागितलीच, तर ज्याने पैसे दिले त्याची आवड-निवड ताटात उतरणार. दात्याच्या इच्छेवर अवलंबून असलेले अन्न हे दान ठरते. कायद्याने आणि न्यायालयाने ज्याला हक्क म्हटले ते दान करून टाकण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, असे आमचे मत आहे.

खर्चाचाही विचार करू. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा आहे. पन्नास कोटी म्हणजे त्यातील शंभर रुपयांमागे एक पैसाही नाही. एवढी बचत करून जे साधले, त्याची किंमत पुढे रक्ताल्पतेच्या गोळ्यांत, पुनर्वसन केंद्रातील खाटांत आणि कमी वजनाच्या मातांच्या कमी वजनाच्या बाळांत मोजावी लागते. कारण आजची कृश विद्यार्थिनी ही उद्याची माता आहे, आणि गर्भाचे पोषण मातेच्या आहाररसातून होते, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत.

शाकाहारी बालकाचा प्रश्न

विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यातील एक भाग पूर्णपणे न्याय्य आहे. ज्या घरात अंडे चालत नाही त्या घरातील मुलावर ते लादले जाऊ नये, त्याला पंगतीत अवघडल्यासारखे होऊ नये, आणि त्याचे भांडे, झारा वेगळा असावा. हे सांभाळणे कठीण नाही. अनेक शाळा ते आजवर सांभाळत आल्या आहेत. मात्र चाळीस टक्क्यांच्या नियमाने याचे उत्तर मिळत नाही. त्या नियमाने चाळीस जणांची इच्छा साठ जणांवर लादली जाते. आणि विरोध एकोणचाळीस टक्के असला तर त्या एकोणचाळीस मुलांची सोय काय, हाही प्रश्न राहतोच. आहाराची निवड ही एकेका कुटुंबाची बाब आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून एक ओळ लिहून घेतली, की मतदानाची गरज उरत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर असून तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. अंड्याला पर्याय म्हणून केळे देण्यात आले. केळे उत्तम फळ आहे, बृंहण आहे. परंतु त्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. शाकाहारी मुलाला सहा ग्रॅमच्या जागी एक ग्रॅम देऊन त्याचा मान राखला, असे म्हणणे ही त्याची उपेक्षाच आहे. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाणे-गुळाची चिक्की, फुटाणे-गूळ, तिळाचा लाडू किंवा एक पेला दूध हा खरा समतुल्य पर्याय आहे. येथे आयुर्वेदाने आपला वाटा उचलावा. ऋतू, देश आणि अग्नी पाहून कोणत्या भागात कोणता पर्याय द्यावा हे सांगण्यास आपल्याइतके अधिकारी दुसरे कोण आहेत?

आपण काय करावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्यातील प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. आपल्या राज्यात त्यांत आपलेच बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. ही पथके अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळा वर्षातून एकदा तपासतात. आदिवासी भागातील भरारी पथकांतही पाड्यापाड्यावर फिरणारे मानसेवी वैद्यकीय अधिकारी प्रामुख्याने आपल्यापैकीच आहेत. म्हणजे राज्यातील दुर्बल बालकाचे वजन, उंची आणि दंडाचा घेर जो लिहून घेतो तो हात बहुतेक वेळा वैद्याचा असतो. बहुतांश कंत्राटी वा मानधनी तत्त्वावर काम करणारे हे आपले बंधू-भगिनी जे पाहतात, ते नोंदवहीत जाते. धोरण ठरविणाऱ्यांच्या टेबलावर त्यांचा आवाज पोहोचत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालय आणि महिला व बालविकास मंत्रालय यांच्यात कुपोषण निवारणासाठी सामंजस्य करार झाला. शासनाने आपल्या शास्त्राला पोषणाच्या प्रश्नावर मत देण्याचे निमंत्रण दिले आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. निमंत्रण स्वीकारावयाचे असेल तर सोयीचे तेवढे बोलून चालणार नाही. परसबाग, शेवग्याची पाने, नाचणी यांचा पुरस्कार आपण आनंदाने करतो. त्याच आनंदाने, संहितेत जे आहे ते, काहींना अप्रिय वाटले तरी, सांगितले पाहिजे. म्हणून संघटनेपुढे आम्ही पुढील सूचना ठेवीत आहोत.

पहिली, येत्या अधिवेशनात संघटनेने ठराव करावा, की निरोगी वा कृश बालकाला अंडे देण्यास आयुर्वेदाच्या दृष्टीने कोणताही शास्त्रीय निषेध नाही, आणि या शास्त्राचे नाव पुढे करून बालकांचा आहार कमी करण्यात येऊ नये. दुसरी, अंड्यांसाठीचा निधी पूर्ववत सुरू करावा आणि निदान अनुसूचित क्षेत्रातील शाळांत अमृत आहार योजनेप्रमाणेच आठवड्यातून चार दिवस अंडे मिळावे, अशी मागणी शिक्षण व आदिवासी विकास या दोन्ही विभागांकडे करावी. तिसरी, चाळीस टक्क्यांचा नियम रद्द होऊन प्रत्येक कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे अंडे किंवा प्रथिनांनी समतुल्य शाकाहारी पर्याय मिळावा. त्या पर्यायांची जिल्हावार यादी तयार करण्याचे काम आपल्या कौमारभृत्य व स्वस्थवृत्त विषयांच्या अध्यापकांनी करून द्यावे. चौथी, बाल स्वास्थ्य पथकांतील वैद्यांनी आपल्या तपासणीतील वजन-उंचीच्या नोंदी, मुलांची नावे वगळून, संघटनेच्या जिल्हा शाखांतर्फे दर वर्षी एकत्र मांडाव्यात. जेथे अंडे मिळते आणि जेथे मिळत नाही, तेथील मुलांच्या वाढीत काय अंतर पडते हे आपल्याच मातीतील आकड्यांनी दिसू द्यावे. तो निष्कर्ष आमच्या मताविरुद्ध गेला तरी आम्ही तो स्वीकारू.

तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या गावच्या शाळेला अंड्यांसाठी वर्गणी द्यावी. मुलाची भूक धोरणासाठी थांबत नाही. मात्र त्या वर्गणीसोबत शाळा व्यवस्थापन समितीला एक पत्रही द्यावे, की हा खर्च शासनाचा आहे आणि त्याची मागणी आम्ही सोडलेली नाही.

अन्नपानविधीचा अध्याय ज्यांनी लिहिला त्यांच्यासमोर रुग्ण होता. त्याला बल कशाने येईल एवढाच विचार करून त्यांनी धान्यापासून मांसापर्यंत प्रत्येक द्रव्याचे गुणदोष निःसंकोचपणे नोंदविले. आपल्या राज्यातील कृश बालकाविषयी बोलताना तेवढाच निःसंकोचपणा आपल्या लेखणीत यावा, इतकीच वैद्यबंधु-भगिनींना विनंती आहे.